मोडीतली किल्ली

बाबांची वही मला वाचता येईना, कारण ती मोडी लिपीत होती.

वही म्हणजे पेन्शनरांना नव्या वर्षी फुकट मिळते तसली, खिशात मावणारी डायरी. शेवटच्या 'नावे व पत्ते' या पानांवर २३ ओळी. डावीकडे स्वच्छ देवनागरीत 'लाइट', 'गॅस', 'रेल्वे', 'ईमेल', 'पेन्शन' असं काहीबाही आणि उजवीकडे एका आडव्या रेघेला लोंबकळणारी, हात न उचलता ओढलेली मोडी. बाबा जमीनमोजणी खात्यात भूकरमापक होते. जुनी दप्तरं वाचता यावीत म्हणून तरुणपणी मोडी शिकले आणि पुढे ती त्यांच्या हातातच बसली. सत्तरीत मी त्यांना स्मार्टफोन घेऊन दिला. जो तो पासवर्ड मागतोय म्हणून आधी वैतागले, मग एके दिवशी एकदम खूश. मला म्हणाले, "साठीच्या आतल्या चोराला हे वाचता यायचं नाही, आणि साठीच्या पुढचा चोर माझ्या ओळखीचाच निघेल."

ते गेले त्याला आता दोन वर्षं होतील. बँकेसाठी ती वही लागली नाही. खात्याला माझं नाव नॉमिनी म्हणून लावलेलं होतं. मृत्यूचा दाखला, अर्ज आणि दोन हेलपाटे एवढ्यात काम झालं. (नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नॉमिनी लावता येतात. घरात भावंडं असतील तर आजच जाऊन लावा, पुढची भांडणं वाचतील.) अडलं ते मेलपाशी. बाबांनी वडिलोपार्जित जमिनीचे नकाशे, फेरफाराचे उतारे, आईचे जुने फोटो, सगळं स्कॅन करून घेतलं होतं आणि जपून राहावं म्हणून स्वतःलाच मेल केलं होतं. 'पासवर्ड विसरलात का' हा राजमार्गही बंद होता. आजारपणाच्या धावपळीत फोन हरवला, रिचार्ज करायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, नंबर बंद पडला. ज्या नंबरवर ओटीपी यायचा तो नंबरच उरला नव्हता. आपल्याकडे बंद झालेला नंबर ९० दिवस उलटले की दुसऱ्या ग्राहकाला देता येतो. म्हणजे बाबांच्या किल्ल्या आता कुणा अनोळखी माणसाच्या खिशात वाजत असतील, आणि त्या बिचाऱ्याला त्याचा पत्ताही नसेल.

मी वाईत डीटीपीचं दुकान चालवते. २८ वर्षं अक्षरांवर पोट भरतेय. लग्नपत्रिका, कार्यअहवाल, दिवाळी अंक, एकदा तर अख्खी वंशावळ. आणि वडिलांची २३ ओळींची वही घेऊन मला साताऱ्याला एका निवृत्त गुरुजींकडे जावं लागलं. ते मोडीची जुनी कागदपत्रं वाचून देतात, पानामागे पैसे घेतात. जाताना एसटीत विचार करत होते की हा माणूस सज्जन असेलही, पण मी वडिलांच्या सगळ्या किल्ल्या एका परक्या माणसाच्या हातात ठेवायला निघालेय. शेवटी पत्रिकेच्या कागदाची एक कापलेली पट्टी पर्समध्ये सापडली, ती डावीकडच्या रकान्यावर टाचणीने लावली. किल्ल्या दिसतील, कुलपं दिसणार नाहीत.

गुरुजींनी चष्मा पुसला, पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, तिसरीवर थांबले आणि हसायला लागले.

"ताई, हे तर एकच नाव आहे. पुढचे आकडे तेवढे बदलतात."

ते माझं घरातलं नाव होतं. पाळण्यातलं नव्हे, त्याच्याही आधी आजीने ठेवलेलं, ज्या नावाने अख्खी आळी मला हाका मारते. ते इथे लिहीत नाही, कारण अजून एका ठिकाणी बदलायचं राहिलंय.

गुरुजींनी पैसे घेतले नाहीत. उलट चहा पाजला आणि महानुभावांची गोष्ट सांगितली. पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहून ठेवले. अक्षराच्या जागी दुसरंच अक्षर, म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकांतल्या मराठीवर घातलेलं कुलूपच. ते इतकं पक्कं बसलं की इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिपी उलगडेपर्यंत 'लीळाचरित्रा'सारखा ग्रंथ पंथाबाहेरच्या मराठी माणसाला जवळजवळ माहीतच नव्हता. "तुमच्या वडिलांचं नशीब, तुम्ही दोन वर्षांत आलात," गुरुजी म्हणाले.

मेल तिसऱ्या प्रयत्नात उघडला. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद ठेवत नाहीत, उकार एकच. त्यामुळे बाबांनी इंग्रजीत एकच 'यू' लिहिला होता की दोन 'ओ', हे मोडीतून कळायला मार्ग नव्हता. चौथा प्रयत्न फसला असता तर बहुधा खातंच काही काळ बंद झालं असतं.

परत येताना हसू येत होतं आणि रागही. लहानपणी आम्ही आळीतल्या मुली 'च'च्या भाषेत बोलायचो. शब्दाचं पहिलं अक्षर शेवटी न्यायचं आणि पुढे 'च' लावायचा. 'दार उघड' म्हणायचं तर 'चरदा चघडउ'. मोठ्यांना काही कळत नाही असं आम्हाला वाटायचं. मोठ्यांना सगळं कळत होतं, कारण त्यांच्या लहानपणीही हीच भाषा होती. एकदा रीत कळली की लपवायला काहीच उरत नाही. १८८३ साली ऑग्युस्त केर्कहॉफ्स नावाच्या भाषेच्या प्राध्यापकाने फ्रेंच लष्करी नियतकालिकात लिहून ठेवलंय की गुप्तलेखनाची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुपित राहायला हवं ते फक्त किल्लीत. कुलूप कसं चालतं हे गावाला माहीत असू दे, दात कुठे कापलेत ते मात्र तुलाच ठाऊक हवं. आजचं सगळं संगणकी कुलूपशास्त्र या एका वाक्यावर उभं आहे. बाबांनी नेमकं उलटं केलं होतं. पद्धत अशी की साताऱ्याला जावं लागावं, आणि किल्ली अशी की आळीतल्या शेंबड्या पोराला ठाऊक.

आकड्यांचंही सांगते. नावापुढे 'अ‍ॅट' आणि १२३. एका ओळीत १२४, खाडाखोड, १२५, खाडाखोड, असं करत १३१ पर्यंत. त्यांच्या एका बँकेचं संकेतस्थळ दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावायचं आणि जुना पुन्हा चालायचा नाही. बाबांनी सरळ मोजणीदाराची रीत लावली, पुढचा आकडा. मी त्यांना तेव्हाही नावं ठेवली नव्हती आणि आता तर मुळीच ठेवत नाही. हा नियम जगभर पसरायला हातभार लावला तो अमेरिकेच्या मानक संस्थेतल्या बिल बर यांच्या २००३ सालच्या मार्गदर्शिकेने. मोठी अक्षरं घाला, आकडे घाला, चिन्हं घाला, ठरावीक काळाने बदला. निवृत्तीनंतर, २०१७ साली, ७२ वर्षांचे बर एका वृत्तपत्राला म्हणाले की आपण केलं त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींचा आता पस्तावा होतो. त्याच वर्षी त्याच संस्थेने नियम फिरवला: उगाच मुदतीने बदलायला लावू नका, चिन्हांचा आग्रह सोडा, लांबी वाढू द्या, आणि नवा पासवर्ड आधीच चोरीला गेलेल्यांच्या यादीत तर नाही ना एवढं तपासा. माणसाला छळलं की तो १३१ करतो, हे त्यांना कळायला १४ वर्षं लागली. आपल्याकडच्या कितीतरी कचेऱ्यांना अजून कळायचंय.

बाबांना हसून झाल्यावर मी माझी यादी काढली. ती डोक्यात होती, म्हणजे कागदावर उतरवायला पाच मिनिटं लागली आणि तिथेच काय ते समजायला हवं होतं. भाचीचं नाव. भाचीचं नाव आणि तिचं जन्मसाल. दुकानाचं नाव. कुलदैवताचं नाव, त्यात 'आय'च्या जागी '१'. या '१'चा मला कोण अभिमान होता! बाबांची मोडी ती माझा '१'. दोघांच्याही किल्लीत मुलीबाळीच.

माझी समजूत अशी की हे काम कॉम्प्युटरमधली माणसं वेगळ्या प्रकारे करत असतील. तर ऐका. केन थॉम्प्सन म्हणजे युनिक्स ही प्रणाली उभी करणाऱ्यांतले एक. त्यांनी आणि रॉबर्ट मॉरिस यांनी १९७९ साली पासवर्डांवर एक निबंध लिहिला. लोकांचे ३,२८९ पासवर्ड गोळा केले आणि शब्दकोश, नावं, तोकडे शब्द असं ताडून पाहिलं. २,८३१ गळाले, म्हणजे शंभरातले ८६. आता खुद्द थॉम्प्सन यांचा पासवर्ड. जुन्या युनिक्सच्या एका प्रतीत तो, मूळ शब्द ओळखू येणार नाही अशी गुंतवळ करून साठवलेल्या रूपात, पडून होता आणि कित्येक वर्षं कुणालाच सुटत नव्हता. २०१९ साली एका हौशी माणसाने यंत्र चार दिवस राबवून तो सोडवला. निघाली बुद्धिबळातली चाल: वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे, आणि शेवटी उद्गारचिन्ह. बुद्धिबळाच्या लिखाणात उद्गारचिन्ह म्हणजे 'छान चाल'. या माणसाने बुद्धिबळ खेळणारं यंत्र बनवलं होतं, त्या यंत्राने १९८० साली संगणकांचं जगज्जेतेपद मिळवलं होतं. म्हणजे त्यांच्याही किल्लीत त्यांचं लाडकं अपत्यच होतं.

२००९ साली रॉकयू नावाच्या कंपनीकडून ३ कोटी २० लाख पासवर्ड बाहेर पडले, तेही साध्या वाचता येतील अशा अक्षरांत. पहिल्या क्रमांकावर १२३४५६, तो एकटा २ लाख ९० हजार जणांचा. पण मला चटका लावून गेलं ते पहिल्या दहातलं 'आय लव्ह यू' आणि 'प्रिन्सेस'. कुठल्याशा देशातल्या कुठल्याशा बापाने आपल्या छकुलीला कुलपात ठेवलं, आणि तेच हजारोंनी केलं. आपल्या काळजाजवळचं म्हणून जे निवडतो ते शेजाऱ्याच्याही काळजाजवळ असतं. चोर काळजाचीच यादी घेऊन बसलेला असतो.

मग करायचं काय? काळजाला विचारायचंच नाही, फाशाला विचारायचं.

ही युक्ती माझी नाही. आर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ साली ती मांडली. लुडोतला साधा फासा पाच वेळा टाकायचा, येणारे पाच आकडे ओळीने लिहायचे, त्या क्रमांकाचा शब्द यादीत बघायचा. यादीत ७,७७६ शब्द, कारण सहाचा पाचवा घात तेवढा. असे पाच-सहा शब्द ओळीने लावले की झाला पासवर्ड. शब्द निवडण्यात आपला हात नाही, म्हणून त्यात आपली मुलगी येत नाही, देव येत नाही, लग्नाची तारीख येत नाही.

पण त्यांची यादी इंग्रजी. पावसाळ्यात दुकानात माशा मारण्याचे दिवस असतात, तेव्हा मी मराठी यादी करायला घेतली. ७,७७६ चा धीर झाला नाही. चार वेळा फासा टाकला की १,२९६ शब्द पुरतात. तेवढे काढले. स्वयंपाकघरातून दोनशे, शेतातून तीनशे, प्राणी-पक्षी, भांडी, नात्यागोत्याचे शब्द. खरा घोळ पुढे झाला. पासवर्डची खोकी देवनागरी घेतीलच असं नाही, म्हणून शब्द इंग्रजी अक्षरांत लिहायचे. आणि मराठी शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग हा प्रत्येकाचा वेगळा धर्म. 'कोंबडी'त 'बी'नंतर 'ए' घालायचा की नाही? 'भाकरी'च्या शेवटी 'आय' की दोन 'ई'? जिथे जिथे दोन मतं पडली ते शब्द काढूनच टाकले. मुद्रितशोधकाच्या आयुष्यात शुद्धलेखनाचा वाद असा चुटकीसरशी पहिल्यांदाच मिटला.

भाचीला फासा टाकायला बसवलं. सहा शब्द पडले. उदाहरण म्हणून दुसरे सहा सांगते: ताक, उंबरा, सुतळी, बेडूक, वकील, चांदणं. बघा, लगेच डोळ्यांपुढे काहीतरी उभं राहतंय. उंबऱ्यावर ताक पिणारा बेडूक आणि त्याला सुतळीने बांधायला आलेला वकील. लक्षात ठेवायला यापेक्षा काय हवं? १,२९६ शब्दांतून असे सहा निवडायचे तर ४७ वर १७ शून्यं इतक्या शक्यता होतात. आठ अक्षरांचा पूर्ण अगम्य पासवर्ड घेतला, सगळी लहान अक्षरं, तर शक्यता होतात सुमारे २० हजार ९०० कोटी. बेडूक-वकिलाचा पासवर्ड त्याच्या सव्वादोन कोटी पट. आणि चोराकडे माझी यादी असली, फाशाची रीत ठाऊक असली, तरी हा हिशेब बदलत नाही. केर्कहॉफ्स खूश झाले असते.

हे सहा शब्द एकाच ठिकाणी लागतात. बाकीच्या किल्ल्या ज्या पेटीत आहेत त्या पेटीला, म्हणजे पासवर्ड जपून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला. मी कीपासएक्ससी वापरते. त्यात पेटी म्हणजे आपल्याच कॉम्प्युटरवरची एक कुलूपबंद फाइल, तिची नक्कल पेन ड्राइव्हवर. फोनवर आणि कॉम्प्युटरवर दोन्हीकडे आपोआप हवं असेल तर बिटवॉर्डनसारखं काही घ्या. पेटीतले बाकीचे पासवर्ड यंत्राने बनवलेली २० अक्षरांची बडबड. ती मला माहीतही नाही, आणि हीच तिची खुबी. शिवाय पेटीला पत्त्याचं व्यसन असतं. बँकेसारखी दिसणारी नकली पाटी लावून कुणी बसलं तर माझे डोळे फसतील, पण पत्ता जुळत नाही म्हणून पेटी किल्ली पुढे करत नाही. ज्यांना हे सगळं जड जाईल त्यांनी वही ठेवावी, हे मी मनापासून म्हणतेय. वही चोरायला चोराला वाईला यावं लागतं, जिना चढावा लागतो, आणि आमच्या कुत्र्याशी बोलावं लागतं. वहीत एकच पासवर्ड २३ वेळा लिहिला असला तरच ती कुचकामी.

जुना पासवर्ड बाजारात गेलाय का, हे बघायची सोयही आहे. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन माणसाने २०१३ पासून फुटलेल्या याद्या जमवून तपासणीसाठी खुल्या ठेवल्यात. पासवर्ड तपासायची रीत मला फार आवडली. आपण पूर्ण पासवर्ड त्यांना सांगत नाही. आपल्याच यंत्रावर त्याचा ४० अक्षरी गुंता होतो आणि त्यातली पहिली पाच अक्षरं तेवढी जातात. म्हणजे घराचा पत्ता न देता नुसता पिनकोड सांगायचा. ते त्या पिनकोडातल्या सगळ्या घरांची यादी धाडतात, आपलं घर त्यात आहे का ते आपण आपल्यापाशी बघायचं. माझा '१'वाला देव त्यात निघाला.

इतकं करून एके संध्याकाळी धाकट्या दिरांचा फोन आला. "वहिनी, तुमच्या दुकानातून पत्रिका आलीय, उघडत नाहीये."

मी पाठवलीच नव्हती. कुणा ओळखीच्याच नंबरवरून व्हॉट्सअ‍ॅपवर 'लग्नपत्रिका' नावाची फाइल आली होती, शेपटीला डॉट एपीके. दुकान माझं म्हणून त्यांनी ती मीच केली असं धरलं, आणि 'उघडत नाही' म्हणून फोनने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला 'होय' म्हणत गेले. २८ वर्षांत मी काही हजार पत्रिका केल्या असतील. छातीठोकपणे सांगते, पत्रिका पीडीएफ असते, जेपीजी असते, हल्ली व्हिडिओही असते. एपीके नसते. एपीके म्हणजे अँड्रॉइडचं सॉफ्टवेअर, फोनमध्ये बिऱ्हाड करायला आलेलं. दिरांनी त्याला एसएमएस वाचायची परवानगी दिली, म्हणजे दारावरच्या पोस्टाच्या पेटीची किल्ली दिली. त्यानंतर ओटीपी त्यांच्याआधी तिकडे पोहोचणार. १८,००० रुपये गेले. मी त्यांना आधी फोन विमानावर टाकायला, म्हणजे नेटवर्क तोडायला लावलं आणि माझ्या फोनवरून सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला तक्रार नोंदवली. पहिल्या तासाभरात फोन केला तर पैसे वाटेतच अडवायची शक्यता असते. त्यातले ११,००० अडले, परत यायला मात्र चार महिने लागले. दिरांचा पासवर्ड कसा होता, याला त्या दिवशी काही अर्थ नव्हता. तिजोरी पोलादाची होती आणि चोराला आपणच माजघरात पाटावर बसवलं होतं.

त्यांना बोलायचा मला अधिकार नाही, हेही खरं. माझ्या दुकानाचा पाया चोरीच्या सॉफ्टवेअरवर घातलेला. साल २००० च्या आसपास डीटीपीवाल्यांकडे पानं जुळवायचं पेजमेकर कसं यायचं ते सगळ्यांना माहीत आहे. सीडी यायची, सीडीत एक टेक्स्ट फाइल असायची, तिच्यात पहिली सूचना: 'आधी अँटीव्हायरस बंद करा.' आम्ही करायचो! आपल्या घरात शिरणाऱ्याने कुत्रा बांधून ठेवायला सांगावं आणि आपण दोरी शोधावी, तसलं ते. मग गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह. शाळेचा अहवाल, बचतगटाचा ताळेबंद आणि त्याबरोबर फुकट 'न्यू फोल्डर डॉट इएक्सई'. फोल्डरचं पिवळं चित्र घेऊन बसलेला तो व्हायरस वाईतल्या निम्म्या दुकानांत माझ्याकडून गेला असेल, उरलेल्या निम्म्यांतून माझ्याकडे आला असेल. आणि विंडोज चोरीचं, म्हणून अपडेट बंद. चालू केलं तर पकडलं जाईल ही भीती.

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचं खंडणीखोर सॉफ्टवेअर आलं. फायली कुलपात आणि ३०० डॉलरची मागणी. ज्या भोकातून ते शिरलं ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच, दोन महिने आधी, दिलं होतं. ज्यांनी घेतलं ते वाचले. पुढच्याच महिन्यात नोटपेट्या नावाच्या भावंडाने, त्याच भोकाचा वापर करत, उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचं काम बंद पाडलं. कंटेनरचे ट्रक रांगा लावून उभे. मी वाचले ती नशिबाने. त्या आठवड्यात दुकानातलं इंटरनेट बिल न भरल्यामुळे बंद होतं.

त्यानंतर विंडोज सोडून लिनक्स या फुकट, खुल्या प्रणालीवर आले. इंकस्केप, लिबरऑफिस, स्क्रायबस. जुन्या फॉन्टांतली अक्षरं युनिकोडमध्ये आणताना रडकुंडीला आले, स्क्रायबसमध्ये जोडाक्षरं नीट बसू लागेपर्यंत कितीतरी काळ दोन मशीनं चालवली. पण अपडेट आलं की आता मी घाबरत नाही, चहा ठेवते आणि होऊ देते. ज्यांना लिनक्स नको त्यांनी विंडोज विकत घ्यावं. विंडोज १० ला ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीने नियमित अपडेट थांबवलीत, एवढं लक्षात असू द्या.

खुलं सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याची आतली संहिता (कोड) कुणालाही वाचता येते ते, गंगाजल असतं असं मात्र मी म्हणणार नाही. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड नावाच्या, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असणाऱ्या एका बारक्या भागात चोरदार सापडलं. कुणीतरी टोपणनावाने दोन वर्षांहून जास्त मदत करत, विश्वास मिळवत, शेवटी ते बसवलं होतं. पकडलं कसं? आंद्रेस फ्रॉइंड या माणसाला जाणवलं की लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय. तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला. ही गोष्ट वाचली तेव्हा मला जवळचा माणूस भेटल्यासारखं झालं. मुद्रितं तपासताना असंच होतं. पान बरोबर दिसतं, काहीही चुकलेलं नसतं, आणि तरी डोळा एका ओळीवर अडखळतो. परत वाचलं की वेलांटी उलटी निघते. संहिता उघडी होती म्हणून तो आत जाऊन बघू शकला. बंद असती तर अर्ध्या सेकंदाची तक्रार कुणाकडे करायची?

गेल्या रविवारी बाबांच्या वहीतली शेवटची, २३ वी ओळ मिटवायला घेतली: 'वायफाय'. तो पासवर्ड मला कधी टाकावा लागला नव्हता, माझ्या फोनमध्ये बाबांनीच टाकून दिला होता. राउटरच्या आत गेले. राउटरचं स्वतःचं नाव 'अ‍ॅडमिन', पासवर्डही 'अ‍ॅडमिन', कारखान्यातून आला तसा, तो बदलला. मग फासा घेतला, चार शब्द पाडले, वायफायला लावले. पेटीचे सहा शब्द एका कागदावर लिहून लिफाफ्यात घातले, लिफाफा आईच्या ट्रंकेत, भाचीला सांगून. देवनागरीत लिहिलेत.

संध्याकाळी सातच्या सुमारास दारात समोरच्या घरातला पोरगा. आठवीत आहे. हातात फोन, तोंड पडलेलं.

"छबूमावशी, तुमचं वायफाय बंद पडलंय का?"

"तुला काय करायचंय? तुला आजोबांनी पासवर्ड दिला होता?"

"नाही. मीच टाकून बघितला होता. तिसरीत असताना."